खात्यापित्या घरचं झाड

मावशींनी कुंडी रोपवाल्याच्या टेबलावर ठेवली आणि डोळे पुसले. कुंडीत स्नेक प्लांट होतं. तलवारीसारखी ताठ उभी राहायची ती पानं, आता भरपेट जेवलेल्या पाहुण्यांसारखी चहूकडे लवंडली होती. रोपवाल्याने मातीत बोट घातलं. दोन पेरं सहज बुडाली. त्याने बोट हुंगलं आणि याला काय काय घातलंत, असं विचारलं.

मावशी सांगू लागल्या. सकाळी तांदळाचं धुवण. दुपारी केळ्याच्या सालींचं पाणी. चारला चहाचा चोथा, कारण चारला कुणालाही काहीतरी लागतंच. संध्याकाळी डाळीचं पाणी, रविवारी त्यात चिमूटभर साखर. रोपवाला आधी बोटांवर मोजत होता. मग त्याने स्टूल ओढून घेतलं.

मावशींचाही इलाज नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये रांधलं होतं. काडीसारखे कामगार त्यांच्या हातचं खाऊन असे भरले, की कारखान्याचं फाटक दोनदा रुंद करावं लागलं, असं लोक सांगतात. लोकांना वाढवून सांगायची खोडच असते. फाटक एकदाच रुंद केलं. दुसऱ्या वेळी सरळ काढूनच टाकलं.

मग मावशी निवृत्त झाल्या. घरी काका होते, पण डॉक्टरांनी काकांच्या तोंडाला कुलूप घातलेलं. शेजारीण पहिला आठवडा वाटी घ्यायची, दुसऱ्या आठवड्यापासून मावशींची चाहूल लागली की आतून कडी लावायची. मावशींचा उजवा हात बसल्याजागी हवेत डाव फिरवू लागला. ते पाहून लेकीने हे झाड आणून दिलं. याला फारसं काही लागत नाही, असं निक्षून सांगून ती गेली. पण मला काही नको म्हणणाऱ्यालाच आग्रह करायचा असतो, हे मावशींना कुणी शिकवायला नको होतं. शिवाय पुरे म्हणायला झाडाला तोंड नव्हतं. साऱ्या जगात तेवढं एकच आता त्यांच्या हातचं खात होतं, आणि तेच खाऊन मरायला टेकलं होतं.

रोपवाल्याने झाड उपसलं. मुळं भिजल्या सुतळीसारखी लिबलिबीत झाली होती. त्याने कुजकं सगळं छाटलं. एक धडधाकट पान मुळासकट उरलं, ते वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत बसवलं. मग बजावलं, की माती ठणठणीत कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. धुवण चालेल, पण दुप्पट पाणी घालून पातळ केलेलं. तेही अर्धी वाटी, दीड महिन्यातून एकदा.

मावशींचा चेहरा पडला.

"दीड महिन्यातून एकदा? अरे बाबा, मग मधले दिवस मी काय करू?"

"काही करू नका, मावशी. त्याला उपाशी राहू द्या. आग्रहानंच गेलं असतं ते."

मावशींनी बोटांची पेरं मोजली, पुन्हा एकदा मोजली, आणि अशीच आणखी चव्वेचाळीस झाडं टेम्पोत चढवायला सांगितली. रोपवाल्याला वाटलं, बाईंना धक्का सोसला नाही.

चार महिन्यांनी लेक आली. खिडक्यांत, जिन्यात, चपलांच्या कपाटावर कुंड्याच कुंड्या. काका पानं बाजूला सारत, वाट काढत दाराशी आले. लेकीने कपाळाला हात लावला. पण एकही पान लवंडलेलं नव्हतं. प्रत्येक कुंडीत नवे कोंब होते, आणि दारामागचं झाड तर छताला टेकून वाकून उभं होतं. आई गुणगुणत स्वयंपाकघरात अर्धी वाटी धुवण पातळ करत होती. पुन्हा रोज चारायला लागलीस का, असं लेकीने दरडावून विचारलं.

"एकेकाला दीड महिन्यातून एकदाच घालते गं," मावशी म्हणाल्या, "पण माझा खाडा मात्र एका दिवसाचाही नाही."