बुळबुळीत

थोरल्याच्या हातावर फरशी घासताना अ‍ॅसिड उडालं आणि त्याने घर असं डोक्यावर घेतलं, की मोरीच्या तुंबलेल्या पाइपात कॉस्टिक सोडा ओतणारा धाकटा दचकला. तो सोडा त्याच्या मनगटावर सांडला. दवाखान्यात आई एका जागी ठरेना.

"डॉक्टर, आधी या थोरल्याला बघा हो, जीव चाललाय पोराचा. धाकट्याचं काही नाही, तो सोशीक आहे."

"तुला काय होतंय?" डॉक्टरबाईंनी धाकट्याला विचारलं.

"काही नाही. जरा बुळबुळीत लागतंय."

थोरल्याला नर्सच्या हवाली करून बाईंनी धाकट्याला ओढतच नळाखाली नेलं. "बुळबुळीत म्हणजे कातडीचा साबण होतोय. अ‍ॅसिड जाळतं ते लगेच कळतं. हा सोडा गुपचूप आत उतरत राहतो. दुखत नाही म्हणाला, तर जास्त घाबरायचं, आई."

"मी मरतोय इथे," थोरला मागून ओरडला. आईने वळूनही पाहिलं नाही. धाकट्याचा दंड धरून तिने विचारलं, "दुखतंय का रे?"

"नाही गं आई," तो लहानपणापासून म्हणत आला होता तसंच म्हणाला.

आईने नळ पूर्ण सोडला आणि त्याचं मनगट पाण्याखाली घट्ट धरून ठेवलं.