अहिल्येची परात

"ही परात आपली नाही," असं म्हणून कुमुदिनीनं पितळी परातीचा फोटो ‘आमची आंबेवाडी’ या गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हिच्यावर ‘चि. सौ. कां. अहिल्या’ असं नाव कोरलेलं आहे. मालकिणीनं कळवावं. परत करायची आहे."

दिलीपनं कपाळावर हात मारला. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्याला दहा वर्षं झाली होती. येत्या रविवारी राजधानीतला मयूर विहारचा फ्लॅट सोडून दोघं मुलीकडे, सुखदाकडे, पुण्याला कायमची जायची होती. घरभर उघडी खोकी पडली होती.

"अगं, आईची परात आहे. टाक खोक्यात. चलो, विषय खतम."

"परात आईंची आणि नाव दुसरीचं? दुसऱ्याची वस्तू मी सुखदाच्या घरी नेणार नाही. बिल्कुल नाही."

हे सगळं सुरू झालं ते सूर्यकांत गुरुजींच्या एका फोटोमुळे. ग्रुप तेच चालवत. त्यांनी एकाहत्तर सालच्या गावजेवणाचा फोटो टाकला आणि तीन दिवस ग्रुपला उसंत नव्हती. कुणाला आमटीची चव आठवली, कुणाला भातात पडलेला मास्तरांचा चष्मा. गावजेवणाला घरोघरची भांडी यायची. ती ज्याची त्याला परत जावीत म्हणून लोक कोरलेली नावं बघून बघून वाटायचे, आणि तरी दोन-चार बदलायचीच. फोटोत डावीकडे कुमुदिनीच्या सासूबाई कणीक मळत होत्या. समोर हीच परात. परात बदलली ती इथेच, हे कुमुदिनीनं तेव्हाच ठरवून टाकलं.

खरं तर हा सल बेचाळीस वर्षांचा होता. नवी नवरी असताना तिनं ते नाव वाचलं होतं आणि भोळेपणानं म्हणाली होती, "आई, ही कुणाची तरी आपल्याकडे आलीय. देऊन येऊ का?" सासूबाईंनी परात तिच्या हातातून ओढून घेतली. "असू दे. हिला कुणी हात लावायचा नाही." शेवटपर्यंत ती परात त्या स्वतःच चिंचेनं घासत. एरवी इतकी सरळ बाई कुमुदिनीनं पाहिली नव्हती. उसनी आणलेली वाटीभर साखर शीग लावून परत करणाऱ्या सासूबाई. त्यांनी एवढी एकच वस्तू गिळंकृत करावी, याचं तिला फार वाईट वाटे. निदान त्यांच्या माघारी तरी हा डाग धुऊन काढायचा, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

गावात तीन अहिल्या निघाल्या. एक वारली होती, तिच्या सुनेनं घरची परात जागेवर असल्याचं कळवलं. दुसरीचं लग्नच एकाहत्तरनंतरचं. तिसरी सूर्यकांत गुरुजींची चुलत बहीण. नवऱ्याच्या नोकरीपायी पानिपतला गेली ती तिथलीच झाली. कुमुदिनीनं परात जाड पिशवीत घातली आणि पानिपतच्या गाडीसाठी आधी मेट्रो गाठली.

"मॅडम, इसमें क्या है?" तपासणीच्या यंत्राशी शिपायानं विचारलं.

"किसीकी अमानत है, भैया."

पानिपतच्या अहिल्याबाईंनी चहा दिला, गावच्या चौकशा केल्या, परात उलटीपालटी करून पाहिली. "माझी नाही हो. मला लग्नात कळशी मिळाली होती. तीसुद्धा गळकी."

संध्याकाळी कुमुदिनी परातीसह घरी आली. दिलीप हसला. ती हसली नाही. तिनं फोटो पुन्हा टाकला आणि खाली लिहिलं, "कृपया पुढे पाठवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. ज्ञानोबामामा, सासूबाईंचे धाकटे भाऊ. वय चौऱ्याऐंशी. ते आंबेवाडीचे नव्हेत, ग्रुपमध्येही नव्हते. फिरत फिरत फोटो त्यांच्या नातीच्या फोनवर पोहोचला होता.

"सूनबाई, परात अजून आहे तुमच्याकडे?"

"तुम्ही ओळखता ही, मामा?"

"ओळखतो म्हणजे? तांबटाच्या दुकानातून मीच आणली डोक्यावरून. नऊ वर्षांचा होतो. नाव कोरून होईपर्यंत दादा, आमचे वडील, तिथून हलले नव्हते. अक्काच्या लग्नातली ती."

"अक्का म्हणजे... आमच्या आई?"

"दुसरी कोण? मला एकच बहीण."

कुमुदिनी खुर्चीवर बसली. "पण मामा, वर अहिल्या आहे."

"तेच तिचं नाव. तुमच्याकडे लग्नात बदललं. पुन्हा त्या नावानं हाक मारायची नाही, असं आम्हाला बजावलं होतं. म्हणून अक्का म्हणायला लागलो. आज फोटोत वाचलं आणि राहवलं नाही."

तिनं फोन ठेवला. दिलीप एका खोक्याला चिकटपट्टी लावत होता.

"सापडली मालकीण?"

"सापडली. तुमच्या आई."

"काहीतरीच काय, यार. आईचं नाव द्वारका."

"ते आपल्या घरानं ठेवलेलं," कुमुदिनी म्हणाली. "स्वतःचं नाव त्यांनी एवढ्या एकाच जागी जपलं होतं. आणि तेही मी दारोदार देऊन टाकायला निघाले होते."