झऱ्याच्या नावानं

होळी पेटली आणि सरपंच वैजयंती घाडी पाहुण्यांकडे वळल्या. "रेडीजसाहेब, तुमच्या कंपनीनं यंत्रं थंड ठेवायला आमचा झरा आटवला. पाणी परत द्या."

रेडीजांनी हसून हात जोडले. त्यांना नुसती समुद्राची मंद गाज ऐकू आली होती.

प्रत्येकाच्या कानात जन्मतःच बसवलेलं कंपनीचं बटण टोचणारी वाक्यं गाळून टाकी आणि त्या जागी गाज ऐकवी. कुठली वाक्यं टोचतात, हे कंपनीच ठरवी. तिच्याविरुद्धची सगळीच टोचत.

वैजयंतींना हे माहीत होतं. त्यांनी पदर खोचला, आणि सासऱ्यांसमोर आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. पालथा हात तोंडावर मारत त्यांनी बोंब ठोकली. सासऱ्यांनी क्षणभर पाहिलं आणि सुनेच्या बोंबेत आपलीही मिसळली. मग सगळं गाव सुरू झालं. बोंबेत शब्दच नव्हता, बटण गाळणार काय?

रेडीज दचकले. तेही कोकणातलेच. शिमग्याची बोंब कुणाच्या तरी नावानं असते, हे ते विसरले नव्हते.

"कुणाच्या नावानं?" त्यांनी विचारलं.

बोंब न थांबवता गावानं दुसऱ्या हातानं आधी कोरडा झरा दाखवला, मग टेकडीवरची कंपनीची इमारत.

रेडीजांनी झऱ्याकडे पाहिलं, मग इमारतीकडे. मग त्यांनी कानातल्या बटणावरून थेट मोठ्या साहेबांना फोन लावला. पलीकडून "बोला" आलं, तसा त्यांनी पालथा हात तोंडाशी नेला.