न घाबरणारी कोकरं

लांडगा माळावर उभा होता आणि कोकरं शेपट्या हलवत त्याच्याकडेच निघाली होती. ठकूबाईनं आरोळ्या ठोकल्या, दगड भिरकावले, पण एकही कोकरू बिचकलं नाही. मेंढ्या गाभण असताना दिलेल्या हार्मोनच्या इंजेक्शनानं कोकरं अंगानं दुप्पट भरली होती, पण त्यांची भीती आईच्या पोटातच पुसली गेली होती.

"आवं, कोकरं अडवा!" ती नवऱ्यावर ओरडली.

"कोकरं जाऊ दे खड्ड्यात! हौसा कुठाय?" तो धावत सुटला.

ठकूबाईही त्याच्यामागं धावली. पहिल्या वर्षीच्या कोकरांचा धीटपणा बघून, लेक आपल्यासारखी भित्री निघू नये म्हणून पोटुशी असताना तिनंच हट्टानं तेच इंजेक्शन टोचून घेतलं होतं.

तीन वर्षांची हौसा कोकरांच्याही पुढं पोचली होती. आईची किंकाळी ऐकून ती वळली, हसली आणि पुन्हा लांडग्याकडं चालू लागली.