खासगी प्रश्न

"घरात आईशी दोन शब्द बोलायचे म्हटलं की हिच्या तोंडाला कुलूप! आन् त्या कम्पूटरातल्या चोराला नाव, गाव, जन्मतारीख, समदं घडाघडा सांगून आली. असलं शिक्षण काय जाळायचं?"

मालनबाई ओट्यावर उभी राहून बोलत होती. म्हणजे हट्टा गावची ती अख्खी गल्ली ऐकत होती. आत चुलीपुढं तिची लेक ऐश्वर्या बसली होती. तव्यावरची भाकर करपली तरी तिचं लक्ष नव्हतं.

बोलणं खोटं नव्हतं. पंधरा दिवसांमागं वसमतच्या नेट कॅफेत तिला एक मेल आला होता. तुमचं खातं बंद होणार, चालू ठेवायचं तर माहिती भरा. पोरगी घाबरली. पासवर्डासकट सगळं भरून मोकळी झाली. कॅफेवाल्या पुनमचंदनं कपाळाला हात लावला. "अहो ताई, खरी कंपनी कधी पासवर्ड मागत असती का? हे चोरांचे धंदे!" त्यानं उभ्या उभ्या तिला पासवर्ड बदलायला लावला. घरी येऊन ऐश्वर्यानं हसत हसत आईला ही गोष्ट सांगितली. आईनं नीट कान देऊन ऐकली.

त्याच खात्यावर ऐश्वर्याचा जीव टांगलेला होता. नर्सिंगला ती पहिल्या वर्गात पास झाली होती. पुण्याच्या एका दवाखान्यानं तिला निवडलं होतं. येणार की नाही ते शनिवारपर्यंत मेलवर कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं. गुरुवारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "माय, मी पुण्याला चालले." मालनबाईनं एक किडकी भेंडी बाजूला टाकली, एवढंच. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती हिंगोलीला थोरल्या लेकाकडं, प्रेमानंदकडं जाऊन आली. प्रेमानंद तिथं एका कचेरीत कम्प्युटरवर कारकुनी करायचा.

शनिवारी ऐश्वर्या होकार कळवायला वसमतला गेली. पासवर्ड लागेना. तीनदा टाकून पाहिला, तेवढ्यात लाईट गेली. बाहेरच्या एसटीडीवरून तिनं पुण्याला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, "अहो, तुम्हीच काल नाही म्हणून कळवलंत ना? जागा दुसऱ्या मुलीला दिली आम्ही."

तेव्हापासून मालनबाईच्या तोंडाला खळ नव्हता. चोरानं घात केला. पोरीनंच चोराला घरात घेतलं. आता भोग म्हणावं.

सोमवारी ऐश्वर्या पुन्हा कॅफेत गेली.

"पासवर्ड विसरले, असं दाबा," पुनमचंद म्हणाला. "मग ते तुमचाच खासगी प्रश्न तुम्हाला इचारन."

खातं उघडलं तेव्हा तो प्रश्न तिनंच लिहून ठेवला होता. माझा जन्म खरा कुठं झाला?

कागदावर नांदेडचा दवाखाना होता. मालनबाई गावालाही तेच सांगायची. आमची पोरगी मोठ्या डॉक्टरीणबाईच्या हातची हाय, म्हणायची, आणि पदर सावरायची. खरं ती एकदाच बोलली होती. ऐश्वर्याचा बाप जळबा वारला, त्याच्या तिसऱ्या दिवशी. ऐश्वर्याच्या वेळी पाटलाच्या रानात हळद शिजत होती. मालनबाई मजुरीला होती. कळा आल्या, पण मुकादमानं घरी सोडलं नाही. हळदीच्या ढिगाआड ती एकटी बाळंत झाली आणि विळ्यानं नाळ तोडली. "हे आपल्या दोघीत," असं म्हणून तिनं लेकीला शपथ घातली होती. लेकीनं ती पाळली. माणसाला सांगितलं नाही, मशीनला तेवढं सांगून ठेवलं.

तिनं इंग्रजी अक्षरांत 'हळद' लिहिलं. खातं उघडलं.

पहिलाच मेल कंपनीचा होता. शुक्रवारी दुपारी बारा वाजता खासगी प्रश्नाचं बरोबर उत्तर देऊन पासवर्ड बदलला आहे. पाठवलेल्या मेलांत पुण्याला गेलेलं उत्तर होतं. दोनच ओळी. माझी आई आजारी आहे. मी येऊ शकत नाही.

पुनमचंद मान हलवत म्हणाला, "लई बेरकी चोर हाय ताई. त्याला बराबर उत्तर कसं काय म्हाईत?"

ऐश्वर्यानं पर्स उचलली. "चोराला म्हाईत न्हाई, भाऊ."

ती घरी आली तेव्हा मालनबाई ओट्यावर गहू पाखडत होती. शेजारच्या जनकाबाईला चोराचीच कहाणी सांगणं चाललं होतं.

"माय," ऐश्वर्या दारातच थांबून म्हणाली. "मशीननं दादाला इचारलं. दादानं तुला इचारलं. व्हय का न्हाई?"

सूप थांबलं. जनकाबाई एकदा मायकडं, एकदा लेकीकडं बघू लागली.

"बोल ना. हळदीच्या रानाचं कुणाला सांगायचं न्हाई म्हणून मला बापाची आण घातलीस. वीस वर्षं जपलंस. आन् मला अडवायला तेबी सांगून टाकलंस?"

मालनबाई लाजली नाही. रडली नाही. सुपातला एक खडा उचलून तिनं अंगणात भिरकावला.

"काहून केलंस, माय?"

"पुण्याला चालले म्हणालीस," मालनबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच गल्लीला ऐकू जाणार नाही इतका खाली आला होता. "जाऊ का, म्हणून इचारलं न्हाईस. मग मी बी तुला इचारलं न्हाई."