टाकीवरचा कावळा

कावळा पाण्याच्या टाकीवर बसला होता आणि काही केल्या खाली उतरेना.

गच्चीच्या कठड्यावर केळीच्या पानात वाडी वाढून ठेवली होती. वरणभात, वडे, खीर, आमसुलाची चटणी आणि आबासाहेबांचा जीव की प्राण असलेली कोथिंबीरवडी. आज त्यांचं वर्षश्राद्ध. कावळा शिवल्याशिवाय कुणाला घास घेता येत नव्हता आणि गिरीशला दुपारी स्टेडियमच्या साइटवर मीटिंग होती. फुटबॉलचा वर्ल्ड कप वर्षभरावर आला होता. अशा वेळी कुणाच्या वडिलांचं श्राद्ध आहे म्हणून काम थांबत नाही.

"दहाव्याला तर नाशिकला लगेच शिवला होता," गिरीश म्हणाला.

"तेव्हा तू घर विकायला काढलं नव्हतंस," सत्यभामाबाई म्हणाल्या.

नवऱ्याची काळी छत्री डोक्यावर धरून त्या उभ्या होत्या. दोह्याच्या अल अझीझिया भागातलं ऑक्टोबरचं ऊन नाशिकच्या मे महिन्याला भारी पडतं.

"आई, दमाल. छत्री मी धरते," सून विभावरी म्हणाली.

"राहू दे. त्यांची आहे."

आबासाहेब नाशिकच्या शाळेत पी.टी.चे मास्तर होते. शब्द खर्च करायला त्यांना आवडत नसे. हात वर केला की अख्खी शाळा उभी, खाली केला की बसली. निवृत्तीनंतर दोह्याला मुलाकडे आले आणि इथेही स्वस्थ बसले नाहीत. नात ओवीला मोज्यांच्या घड्या घालायला लावल्या. गिरीशच्या कंपनीची बस चालवणारा, बायकापोरं नांदेडला ठेवून आलेला बालाजी ओळखीचा झाला, तेव्हा दर शुक्रवारी त्याला जेवायला बसवलं. बायकोला सकाळचा चहा जन्मभर त्यांनीच करून दिला. चहाआधी ती भांडते, नंतर नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. रोज सकाळी भात आणि छत्री घेऊन गच्चीत जाण्याचा नेमही त्यांचाच. ते गेल्यावर सत्यभामाबाई जाऊ लागल्या. तेवढीच सासूबाईंना मोकळी हवा, म्हणून विभावरीलाही बरं वाटे.

पण सत्यभामाबाईंना हवा होती नाशिकची. मागे पेरूचं झाड असलेलं स्वतःचं घर आणि त्यात एकटीचा संसार. वर्षभर त्या हेच सांगत होत्या.

"एकटी पडलीस तर?" गिरीश विचारायचा.

"पडले तर उठेन."

"वर्ल्ड कप होऊ दे, मग बघू."

बघू म्हणता म्हणता त्याने गिऱ्हाईक ठरवलं. घर त्याच्याच नावावर होतं. पुढच्या आठवड्यात तो सह्या करायला निघणार होता आणि आईला हे सगळं ठरल्यावर सांगितलं होतं. वाईट मनाने नव्हे. बाप डोळ्यांदेखत गेल्यापासून तो आईला नजरेआड करायला घाबरत होता.

"काकू, सरांची काही तरी इच्छा राहिली असंल बघा," बालाजी म्हणाला. "एकेकानं सांगून बघा की."

गिरीशने हात जोडले. "आबा, आईची काळजी करू नका. ती कायम आमच्याकडेच राहील."

कावळ्याने मान फिरवली.

"आबा, ओवीला मराठी लिहायला-वाचायला शिकवू," विभावरी म्हणाली.

"आबा, आय विल फोल्ड माय सॉक्स. एव्हरी डे," ओवी म्हणाली.

"सर, तंबाखू सोडतो आजपासून," बालाजी म्हणाला. यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता, कावळ्याचा कुठून बसणार? तो टाकीवर चोच घासत राहिला.

वरणावर साय धरली. गिरीशने घड्याळ पाहिलं. "बालाजी, दर्भाचा कावळा करून शिववतात ना? तसं करू. खलास."

"करत्यात की. चालतं ते."

"त्यांना चालायचं नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या. "जन्मभर कुणाची हजेरी दुसऱ्याने दिलेली त्यांनी खपवून घेतली नाही. तू मीटिंगला जा. मी उभी आहे."

"उपाशी?"

"उपाशी."

"आई, अगं किती वेळ?"

"ते त्यांना विचार."

गिरीश कठड्याला टेकला. टाकीवरचा तो काळा जीव त्याच्याकडेच पाहत होता, मान थोडी तिरकी करून. गृहपाठ विसरलेल्या पोराकडे आबा असंच पाहायचे.

"आबा," तो म्हणाला, "घर विकत नाही. आई म्हणेल तेव्हा नाशिकला जाईल. तिथेच राहील."

कावळा जागचा हलला नाही.

"'म्हणेल तेव्हा' असं त्यांना कधी चाललंय?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "तारीख सांग."

"दिवाळीच्या आत. मी स्वतः सोडून येतो. शपथ."

सत्यभामाबाईंनी छत्री मिटली, काखेत धरली आणि दोन्ही हात जोडले.

कावळा पंख पसरून उतरला तो थेट पानावर. आधी कोथिंबीरवडी उचलली.

गिरीश लहान मुलासारखा रडला. विभावरीने डोळे पुसले. बालाजीने खिशातली तंबाखूची पुडी काढून खरोखरच गच्चीखाली भिरकावली. "आई, चुकलो मी," गिरीश म्हणाला आणि आईच्या पाया पडला. सत्यभामाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुम्ही पानं घ्या," त्या म्हणाल्या. "मी एवढं आवरून येते."

सगळे खाली गेले. सत्यभामाबाईंनी जिन्याचं दार लोटलं आणि छत्री उघडली. कावळा घास टाकून मुकाट टाकीवर जाऊन बसला. त्यांनी छत्री मिटली. तो पुन्हा पानावर आला.

"अहो, बघितलंत?" त्या रिकाम्या गच्चीत म्हणाल्या. "तुमचा हा विद्यार्थी अजून शिस्तीत आहे. आणि गिरीशही अजून तुमचंच ऐकतो. वर्षभर मी सांगत होते, माझं कुणी ऐकलं?"