मागची खोली खरी आहे

"कॅमेरा जरा डावीकडे फिरवा," मॅडम म्हणाल्या.

त्याने लॅपटॉप फिरवला. एका उंचीची पुस्तकं लावलेलं कपाट दिसलं, कोपऱ्यात हिरवंगार झाड, भिंतीवर गोल घड्याळ. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. खरं तर दुपारचे चार वाजत आले होते.

"सेल बदलायचा राहिलाय," तो म्हणाला.

मॅडम हसल्या नाहीत. कंपनीत त्या व्यवस्थापक होत्या, आणि तपासणीच्या वेळी हसणं त्यांच्या हिशेबात बसत नसे. कंपनीने भाड्याचं ऑफिस सोडून सगळ्यांना घरी बसवलं होतं. मग एकाच्या घरातलं नवराबायकोचं भांडण एका मोठ्या गिऱ्हाइकाने मीटिंगमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. तेव्हा नियम निघाला: शांत, स्वतंत्र खोली आणि नीट टेबल-खुर्ची हवी. ज्याच्याकडे नसेल त्याने दुसरी नोकरी बघावी.

मागे खोटं चित्र लावून वेळ मारून नेण्याचीही सोय उरली नव्हती. मागची खोली खरी की बनावट हे ओळखणारं सॉफ्टवेअर आल्याची बातमी त्यानेच ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती, आणि कंपनीने ते लगोलग घेतलं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास, असं मित्र म्हणाले. त्याच्या खोलीपुढे मात्र हिरवी खूण उमटली. खोली खरी होती.

फक्त त्याची नव्हती.

त्याचं घर दोन खोल्यांचं. त्यात आईवडील, बायको, धाकटी बहीण आणि दोन महिन्यांचं बाळ, ज्याला झोपेपेक्षा रडण्याची हौस जास्त. बायकोची नोकरी बाळंतपणात सुटली होती. आता आपलीही गेली तर घर कसं चालायचं?

म्हणून तो रोज काकांच्या जागेत येऊन बसे. काका सख्खे नव्हते, वडिलांचे जुने दोस्त. भाड्याचं नावही काढत नसत, पण त्यांच्या अटी होत्या. ताठ बसायचं. टेबलावर चहा आणायचा नाही. आलंगेलं माणूस दिसलं तरी मान वर करायची नाही. संध्याकाळी जाताना स्वतःची काडीसुद्धा मागे ठेवायची नाही. शेजारीच छान स्वयंपाकघर होतं, पण तिथल्या नळाला पाणी येत नसे, म्हणून तो घरून बाटली आणी. रोज सकाळी दिव्याच्या मानेला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी तो मागे सरकवी, टेबल पुसून लॅपटॉप उघडी आणि बोलायचं नसेल तेव्हा माइक बंद ठेवी.

पण टेबल असं काही देखणं होतं की सहकाऱ्यांत त्याचं नाव 'टेबलशेठ' पडलं. कुणाची मान अवघडली, कुणाचे डोळे चुरचुरले की टेबलशेठला विचारा. तोही न कंटाळता सांगे. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवा. दिवा डावीकडे घ्या, म्हणजे लिहिताना हाताची सावली पडणार नाही. एकदा तर माइक झटकन बंद करायला कुठली दोन बटणं दाबायची हे त्याने सगळ्यांकडून तीन वेळा घोकून घेतलं होतं. खरं सांगायचं तर त्यालाही ते टेबल आपलंच वाटायला लागलं होतं.

"वायरी कुठायत?" मॅडमनी विचारलं.

त्याने कॅमेरा टेबलाखाली नेला. वायरी फळीच्या पोटाला चिमट्यांनी बसवलेल्या होत्या, एकही लोंबत नव्हती. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.

"कुठून घेतलंत हे?"

नाही सांगितलं तर संशय यायचा. त्याने दुकानाचा नंबर दिला आणि घाईघाईने सांगितलं, "जायची गरज नाही. फोनवरच सांगा, घरपोच देतात."

अशी टेबलं काय, गोदामात ढिगाने पडलेली असतात, अशी त्याने मनाची समजूत घातली. मॅडमनी त्याच्या नावापुढे 'उत्तम' असा शेरा मारला.

संध्याकाळी त्याने बाळाला उचलून दोन गिरक्या घेतल्या. बायको म्हणाली, काकांना काहीतरी द्यायला हवं, फुकटात किती दिवस बसणार? काका काही घेत नाहीत, त्याने सांगितलं. त्यांचं म्हणणं एकच, तू नीट बसतोस तेच पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांची मीटिंग होती. तपासणीत तिघं नापास झाल्याचं मॅडमनी थंडपणे सांगितलं. मग त्या पहिल्यांदाच हसल्या. टेबल कसं असावं हे टेबलशेठकडून शिका, त्यांनी माइक चालू करून सगळ्यांना दोन शब्द सांगावेत, असं म्हणाल्या.

त्याने माइक चालू केला. काय बोलावं हे जुळवत असताना मॅडमच पुढे बोलल्या.

"मी पण तेच मागवलंय बरं का. दुकानदार भला माणूस. म्हणाला, एकच नग उरलाय, पण तुम्हाला सकाळीच पाठवतो."

मागे पावलं वाजली. स्क्रीनवरच्या आपल्या चौकटीत त्याला दोन हमाल दिसले, एक कपाटापाशी, एक झाडापाशी. माइक बंद करायची ती दोन बटणं काही केल्या आठवेनात. काकांनी नेहमीच्या मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ रे बाळा, टेबल विकलं गेलं. तू आजपासून डबल बेडच्या बाजूला बस, तिकडे गिऱ्हाईक जरा कमीच फिरकतं."